ऑफिसचा लॅपटॉप घेऊन परदेशी निघालाय? मोपा विमानतळावर पोचायच्या आधी एवढं करा

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, गोव्यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीतली बऱ्यापैकी चालणारी कंपनी घ्या, वर्षाकाठी दोन-चार माणसं तरी तिथून परदेशी जातातच. कोण फ्रँकफर्टला प्रदर्शनाला, कोण मस्कतला मशीन बसवायला, कोण लंडनला क्लायंटकडे. व्हिसा, फॉरेक्स कार्ड, स्वेटर, तिकडच्या लोकांसाठी काजू आणि बेबिंका, सगळ्याची यादी महिनाभर आधी तयार असते आणि लॅपटॉप मात्र निघायच्या दिवशी टेबलावरून उचलून जसाच्या तसा बॅगेत. त्यात कित्येक वर्षांचे मेल, सगळ्या पार्ट्यांचे रेट, फॉर्म्युलेशनच्या फायली, एचआरने कधीतरी पाठवलेली पगाराची शीट. मी अशाच एका फार्मा कंपनीत आयटी सांभाळतो, जाणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडी सांगून सांगून दमलो, म्हणून एकदाचं नीट लिहून काढतोय.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, व्हीपीएन कुठला घेऊ? व्हीपीएन म्हणजे तुमचा डेटा नेटवरून बंद बोगद्यातून नेणारी सोय, तिचं नंतर बघू. जी फाइल सोबत नेलीच नाही ती हरवत नाही, चोराला मिळत नाही आणि इमिग्रेशनवाल्याला दिसत नाही. त्यामुळे यातलं निम्म्याहून जास्त काम इथेच बसून, निघायच्या आठवडा-दोन आठवडे आधी उरकायचं आहे. आदल्या रात्री बॅग भरता भरता हे होत नाही, बॅकअपच अर्ध्यावर असतो.

आधी देश बघा

सगळीकडे एकच नियम नाही. अमेरिकेत उतरताना तिथल्या सीमा अधिकाऱ्यांना तुमचा फोन-लॅपटॉप वॉरंटशिवाय तपासता येतो. त्यांच्या जानेवारी २०१८ च्या नियमावलीत तपासणीचे दोन प्रकार आहेत, एक साधा, म्हणजे अधिकारी हातात घेऊन स्क्रोल करून बघणार, आणि दुसरा खोलातला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडून डेटा कॉपी करणार किंवा चाळणार, त्याला संशयाचं कारण आणि वरिष्ठाची परवानगी लागते. पण त्याच नियमावलीत असंही आहे की मशीनमध्ये जे साठवलंय तेवढंच बघायचं, नेट बंद ठेवून, क्लाउडवर जायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच तयारी याच एका वाक्यावर उभी आहे. आता कोणी म्हणेल मी पासवर्डच देणार नाही. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, त्यामुळे प्रवेश नाकारून परतीच्या विमानात बसवू शकतात, आणि वर मशीन ठेवून घेऊ शकतात. तशी तपासणी फार थोड्या लोकांची होते, उगाच घाबरून जाऊ नका, पण तिथल्या नागरिकालाही ती चुकत नाही. २०१७ च्या जानेवारीत नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमधल्या एका इंजिनियरला ह्यूस्टनच्या विमानतळावर ऑफिसच्या फोनचा पिन मागितला होता, तो अमेरिकन नागरिक असून.

ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली विमानतळावर थांबवून पासवर्ड मागता येतो आणि त्या चौकशीत नाही म्हणणं हाच गुन्हा ठरतो. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कस्टम कायद्यात पासवर्ड न दिल्यास ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड आहे.

आखातातलं दुखणं वेगळं. दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, मग कोणीतरी शेजारचा सांगतो की अमुक फुकटचं व्हीपीएन टाक. कंपनीच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन वापरणं वेगळं आणि बंदी असलेली गोष्ट चालवायला व्हीपीएन लावणं वेगळं, दुसऱ्याला अमिरातीत ५ लाखांपासून २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. घरी फोन करायचाय ना, तिथे परवानगी असलेलं अ‍ॅप वापरा नाहीतर ऑफिसच्या टीम्सवरून काय चालतं ते आयटीला आधी विचारून ठेवा. चीनला जाणाऱ्यांनी धरूनच चालायचं की जीमेल, गुगल ड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर उघडणार नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर बऱ्याचदा चालतं, कारण तो डेटा आपल्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमार्गे फिरून जातो, म्हणून चीनसाठी रोमिंग पॅक घ्यायला मी कंजूषपणा करू देत नाही.

उलट्या बाजूचंही एक सांगतो. तुमच्याकडे परदेशी पाहुणा येणार असेल तर सॅटेलाइट फोन किंवा गार्मिनचं ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणू नको म्हणून आधीच कळवा. भारतात परवान्याशिवाय ते चालत नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन प्रवाशाला त्याच कारणाने पोलिसांनी धरलं होतं.

लॅपटॉप रिकामा करा, खरोखर रिकामा

सगळ्यात उत्तम म्हणजे प्रवासासाठी वेगळा लॅपटॉप. आमचे पात्राव, म्हणजे मालक, आधी म्हणायचे एवढा खर्च कशाला, पण नवा घ्यायची गरजच नसते, कपाटात पडलेला जुना काढा, विंडोज पुन्हा टाका, प्रेझेंटेशन आणि लागतील त्या चार फायली भरा, रोजचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिनचं नको. फक्त तो विंडोज १० वर असेल तर बघा, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ चालत नसेल तर तो लॅपटॉप बाहेर न्यायच्या लायकीचा राहिला नाही.

वेगळा मिळत नसेल तर रोजचाच साफ करायचा. आधी पूर्ण बॅकअप, तो ऑफिसात ठेवायचा, बॅगेत नाही! मग डेटा कुठे कुठे दडून बसलेला असतो ते बघायचं, कारण डेस्कटॉपवरचे फोल्डर उडवले की झालं असं लोकांना वाटतं.

आउटलुक बरेच मेल मशीनवरच उतरवून ठेवतं. अकाउंट सेटिंगमध्ये किती दिवसांचे मेल ऑफलाइन ठेवायचे ती पट्टी असते, ती एक महिना किंवा तीन दिवसांवर आणा, बाकीचे सर्व्हरवर राहतात, नेट असेल तेव्हा दिसतात. वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस, बाजूला ढगाचं चिन्ह आलं म्हणजे फाइल मशीनवर नाही. मग डाउनलोड्स. तिथे तर काय, पाच वर्षांचा सगळा इतिहास असतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, स्क्रीनशॉटचं फोल्डर, रिसायकल बिन, आणि मीटिंगची रेकॉर्डिंगं.

आणि फोन! फोनकडे कोणाचं लक्षच नसतं. अँड्रॉइड असेल तर फाइल मॅनेजर उघडा, अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप करत करत आत जा आणि व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स बघा. आमच्या एका सेल्सवाल्याचं हे फोल्डर मी त्याच्यासमोरच उघडलं तर आत ‘रेट फायनल’, ‘रेट फायनल नवीन’, ‘रेट फायनल नवीन पक्का’ अशा ओळीने फायली, त्याखाली क्यूएच्या (गुणवत्ता विभागाच्या) ग्रुपवर कोणीतरी टाकलेला आख्खा बॅच रेकॉर्ड, त्याखाली कोणाचं तरी आधार कार्ड आणि मधेच सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण. यातलं काहीही त्याने स्वतः मुद्दाम ठेवलेलं नव्हतं, ग्रुपवर आलं आणि आपोआप उतरलं. चॅट डिलीट केली तरी फाइल बऱ्याचदा फोल्डरमध्ये राहते, म्हणून इथे येऊनच काढायची आणि ऑटो डाउनलोड बंद करायचं. गॅलरीत कागद स्कॅन केलेले फोटो, मीटिंग रूममधल्या बोर्डाचे फोटो, तेही बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात असेल तर चॅट बॅकअपमध्ये एंड टू एंड एन्क्रिप्शन (डेटाला असं कुलूप की किल्लीशिवाय तो वाचताच येत नाही) चालू करा, ती सोय २०२१ पासून आहे आणि मला भेटलेल्या बहुतेकांनी कधी चालू केलेली नसते.

एन्क्रिप्शन आणि पूर्ण शटडाउन

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर. मॅकवर फाइलव्हॉल्ट. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मात्र त्याच लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये ठेवू नका, ती आयटीकडे द्या. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मशीनमध्ये काही बदललं की बूट होताना ती मागतात, आणि ते नेमकं मीटिंगच्या सकाळीच होतं, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सगळे अपडेट उरकून घ्या आणि वाटेत नवीन अपडेट टाकत बसू नका.

डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात का? डिस्क आधीपासून एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्डशिवाय काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, म्हणून आधी एन्क्रिप्शन, मग सफाई.

आणि बंद करायचं म्हणजे पूर्ण शटडाउन. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत जागीच असते, म्हणजे घराला कुलूप घालून किल्ली दारालाच लटकवून गेल्यासारखं. विंडोज प्रो असेल तर मशीन सुरू होतानाच बिटलॉकर पिन मागेल असं आयटीकडून करून घ्या, नाहीतर मशीन स्वतःच उघडून विंडोजच्या लॉगिनपर्यंत येतं. फोनचंही तेच, रिस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत तो सगळ्यात घट्ट बंद असतो.

पासवर्ड, ओटीपी आणि सिम

इथे गोवेकर हमखास अडकतात, कारण आपलं सगळं आयुष्य एका सिमच्या ओटीपीवर चालतं. ते सिम काढून डब्यात ठेवलं आणि तिकडचं घातलं की बँक बंद, मेल बंद. ड्युअल सिमवाला फोन असेल तर भारतीय सिम आत राहू द्या, रोमिंगचा साधा पॅक मारा आणि नेटसाठी ई-सिम घ्या. सिमला पिन लावा, म्हणजे फोन चोरीला गेला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी कोणी वाचू शकणार नाही. आधीचा डिफॉल्ट पिन मोबाइल कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकत बसू नका, तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला पीयूके नावाचा दुसरा कोड मागतो.

ऑफिसच्या खात्यांना एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करणारं) किंवा मशीनला लावायची छोटी सिक्युरिटी की लावा, की शक्यतो दोन, एक खिशात आणि एक वेगळ्या बॅगेत. ऑथेंटिकेटर ज्या फोनवर आहे तोच हरवला तर काय, हा प्रश्न इथेच सोडवायचा: बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळे ठेवा, कशाचे कोड ते लिहू नका. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर प्रवासात लागणारच नाहीत ते पासवर्ड बाजूला काढता येतात का बघा, वनपासवर्डमध्ये यासाठी ट्रॅव्हल मोड नावाची वेगळी सोयच आहे.

फोनची शेवटची सेटिंगं: लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका, पासकोड किमान सहा आकडी. आयफोनवाल्यांनी स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करा, ते आयओएस १७.३ पासून आहे, अँड्रॉइडला थेफ्ट डिटेक्शन लॉक. फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर घरच्यांकडे लिहून द्या.

विमानतळावर

लॅपटॉप केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. नवा महागडा असेल तर जाताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या म्हणजे परत येताना हा बाहेरून आणलाय का म्हणून वाद नको. सिक्युरिटीला ट्रे पुढे ढकलून लगेच स्वतः पलीकडे जा, पट्ट्यासाठी रांगेत थांबलात आणि ट्रे तिकडे एकटा पडला असं होऊ देऊ नका, काळे लॅपटॉप सगळे सारखेच दिसतात, बदलाबदली चोरीपेक्षा जास्त होते. वरच्या बाजूला एक ठळक स्टिकर चिकटवा, कंपनीचा लोगो नको.

उतरण्याआधी फोन आणि लॅपटॉप दोन्ही पूर्ण बंद. मशीन चालू राहिलंच असेल तर फेस आणि बोट तरी बंद करा, आयफोनला बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच लागतो, अँड्रॉइडला पॉवर मेनूत लॉकडाउन.

अधिकाऱ्याने मागितलंच तर? वाद नाही, खोटं तर अजिबात नाही. शांतपणे सांगा की मशीन कंपनीचं आहे, कंपनीला कळवायला हवं. त्यापुढे पासवर्ड द्यायचा की नाही हे तुम्ही काउंटरवर उभं राहून ठरवायचं नाही, ते निघायच्या आधी साहेबांकडून लेखी, साध्या मेलवर का होईना, घेऊन ठेवायचं. मशीन रिकामं असेल तर बहुतेक कंपन्यांचं उत्तर ‘देऊन टाक’ हेच असतं आणि ते बरोबरही आहे. अमेरिकेत मशीन ठेवून घेतलं तर पावती मिळते, ६०५१डी नंबरचा फॉर्म, तो घेतल्याशिवाय हलू नका. कोण अधिकारी, किती वेळ नजरेआड होतं, काय विचारलं, बाहेर पडल्या पडल्या लिहून काढा. परत मिळालेल्या मशीनवर ऑफिसचं लॉगिन करायचं नाही, आयटीने बघेपर्यंत.

हॉटेल आणि वायफाय

माझं सरळ मत: हॉटेलच्या वायफायपेक्षा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट बरा. आजकाल बहुतेक साइट एन्क्रिप्टेडच असतात, त्यामुळे कोणीतरी बाजूला बसून तुमचा मेल वाचतोय असं पूर्वीसारखं सहज होत नाही, पण खोटं वायफाय उभं करून लॉगिन मागणं अगदी सोपं आहे. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एकावर गुन्हा लावला, तो विमानतळांवर आणि चक्क विमानात खरं वाटावं असं वायफाय चालू करून लोकांचे मेल-सोशल मीडियाचे पासवर्ड गोळा करत होता. वायफायच्या पानावर जीमेलचं लॉगिन मागितलं की उठायचं. खोली नंबर आणि आडनाव मागणं ठीक.

दुसरा प्रकार म्हणजे डार्कहोटेल. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उघड केलेलं प्रकरण, आशियातल्या चांगल्या चांगल्या हॉटेलांच्या नेटवर्कमध्ये बसून ही टोळी ठरावीक साहेब लोकांची वाट बघायची, साहेबांनी वायफाय जोडलं की स्क्रीनवर नेहमीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलंय अशी खोटी सूचना, दाबलं की खेळ खलास. म्हणून वर म्हटलं, अपडेट घरून करून निघा. हॉटेलचं वायफाय वापरावंच लागलं तर कंपनीचं व्हीपीएन आधी चालू, मग बाकी.

खोलीची तिजोरी आणि दाराचं कार्ड यावर फार विश्वास नको. तिजोरी उघडायचा मास्टर कोड हॉटेलकडे असतोच. आणि मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सॅफ्लॉक नावाची कुलुपं बनावट कार्डाने उघडता येतात, १३१ देशांतले ३० लाखांहून जास्त दरवाजे. जेवायला खाली जाताना लॅपटॉप सोबत न्या, नाही नेला तर पूर्ण बंद करून ठेवा. लॉबीतल्या कॉम्प्युटरवर बोर्डिंग पास प्रिंट करायला स्वतःचा मेल उघडू नका, रिसेप्शनला पीडीएफ पाठवा, ते काढून देतात. खोलीतल्या टीव्हीवर नेटफ्लिक्सचं लॉगिन केलं असेल तर निघताना काढा.

चार्जिंगच्या सार्वजनिक यूएसबीचा जरा जास्तच बाऊ झालाय. एफबीआयच्या डेनव्हर ऑफिसने एप्रिल २०२३ मध्ये तसा इशारा दिला होता, पण प्रत्यक्षात कोणाचा डेटा असा गेल्याचं क्वचितच दाखवता येतं. आपला चार्जर आणि तिकडचा अ‍ॅडॉप्टर न्या, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, विषय संपला. फोनने ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ विचारलं तर नाही.

कामाच्या जागी

प्रदर्शनात फुकट वाटलेले पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावू नका, कॅटलॉग हवा असेल तर लिंक मागा. क्लायंटला स्क्रीन दाखवताना नोटिफिकेशन बंद. विमानात रेट शीट उघडायची तर स्क्रीनवर प्रायव्हसी फिल्टर लावा. आणि मराठीत, कोकणीत बोललो म्हणजे कोणाला कळत नाही या भ्रमात राहू नका, दुबईत टॅक्सीवाला नाहीतर वेटर पेडण्याचा निघतो आणि लंडनला शेजारच्या टेबलावर सासष्टीतलं आख्खं कुटुंब असतं. रेटची घासाघीस खोलीत जाऊन करा. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकायची हौस असेल तर परत आल्यावर टाका, पीएनआर आणि आडनाव मिळालं की तुमचं तिकीट कोणीही उघडू शकतो.

हरवलंच तर

पहिला फोन आयटीला, मग पोलिसांना, बायकोला त्यानंतर. वेळ कितीही असो, इथे रात्रीचे तीन वाजलेले असोत. आयटी इथून खाती बंद करेल, सगळीकडचं लॉगिन तोडेल, मशीन लॉक किंवा पुसून टाकेल. मशीन नेटला जोडलं गेलं तरच पुसलं जातं, म्हणून एन्क्रिप्शन हाच खरा आधार. सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि प्रत घ्या, विम्याला लागते.

लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारे असतात, ते महागात पडतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कंपनीला कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. युरोपातल्या लोकांची माहिती गेली असेल तर तिकडच्या नियमात ७२ तास. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड लिहिलाय. तुम्ही उशिरा सांगितलं तर कंपनीच्या हातात काहीच उरत नाही.

परत आल्यावर

सोमवारी सकाळी लॅपटॉप थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा नाही. प्रवासाचा वेगळा लॅपटॉप असेल तर कामाच्या फायली काढून घेऊन तो सरळ पुसायचा. रोजचाच असेल तर आयटीकडून तपासून मग जोडायचा. तिकडे जे जे पासवर्ड टाकले ते बदलायचे, पण ते दुसऱ्या मशीनवरून, त्याच लॅपटॉपवरून नाही. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कुठली कुठली डिव्हाइस जोडलेली आहेत ती यादी बघा, ओळखीचं नसेल ते काढा. प्रदर्शनाचं अ‍ॅप, तिकडच्या टॅक्सीचं अ‍ॅप उडवा, हॉटेल-विमानतळाची सेव्ह झालेली वायफाय नावं विसरायला लावा, नाहीतर त्याच नावाचं नेटवर्क कुठेही दिसलं की फोन आपोआप जोडतो. बॅकअप कोडचा कागद फाडून नवे कोड काढा, तो पाकिटातून एवढा फिरलेला असतो की कोणी फोटो काढला असेल तर तुम्हाला कळणारही नाही.